नकारावरही सही हवी

२०१३ मध्ये शरद पवारांनी कुणाचे नाव न घेता एक टोमणा मारला होता. फायलींवर सही करताना काहींच्या हाताला लकवा भरतो की काय, अशा अर्थाचा. रोख तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यावर होता हे सगळ्यांनाच कळले आणि ‘लकवा’ हा शब्द मराठी राजकारणात कायमचा रुळला. सरकार कोणतेही असो, कामे अडली की हाच शब्द बाहेर काढला जातो.

पण त्या काळातले दोन निर्णय आठवून पाहा. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या शिफारशीवरून राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त झाले आणि तिथे प्रशासक बसले. सहकारातल्या दिग्गजांना, म्हणजे सत्तेतल्या भागीदारांनाच, दुखावणारा हा निर्णय होता. दुसरा जानेवारी २०१२ चा. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत बदल करून बाल्कनी, फ्लॉवरबेड असल्या जागा चटईक्षेत्रात, म्हणजे भूखंडावर परवानगी असलेल्या एकूण बांधकामात, मोजायला सुरुवात झाली. त्याआधी आयुक्तांच्या विशेषाधिकारात या जागा मोजणीतून वगळून मिळत, आणि फ्लॉवरबेड पुढे दिवाणखान्यात मिसळून जाई. नव्या नियमात निवासी इमारतीला ३५ टक्के जादा चटईक्षेत्र अधिमूल्य भरून मिळू लागले. कोण अर्ज करतो त्यावर सवलत ठरण्याचा प्रकार बराच कमी झाला. ज्याच्या हाताला लकवा आहे त्याला हे जमत नाही. तेव्हा ‘लकवा’ ही तक्रार ऐकली की पहिला प्रश्न असा विचारावा: सही कुठल्या कागदावर अडली होती, आणि ती झाली असती तर फायदा कुणाचा होता?

तरीही त्या टोमण्यात तथ्याचा एक अंश होता, आणि तो आजच्या सरकारांनाही लागू पडतो. फाईल चुकीची वाटत असेल तर तिच्यावर ‘नामंजूर’ लिहून कारण द्यायला हवे. ती नुसती टेबलावर ठेवली की अर्जदाराला ना नकार मिळतो, ना दाद मागण्यासाठी आदेश. आमच्याकडे सरकारांना मंजुरी देता येते, घोषणा करता येते, समिती नेमता येते. नकार मात्र लेखी देता येत नाही. निर्णयक्षम नेतृत्वाची खरी परीक्षा मी या एका गोष्टीवर घेतो.

हे मंत्रालयात कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. कार्यासनावरचा सहायक कक्ष अधिकारी टिपणी लिहितो. तिथून नस्ती, म्हणजे फाईल, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी चढत मंत्र्यांकडे जाते. वाटेत तिच्यावर तीन प्रकारचे शेरे पडतात. ‘चर्चा करावी’ असा शेरा आला की नस्ती खाली येते आणि चर्चेची तारीख कुणी लिहून ठेवत नाही. ‘वित्त विभागाचे अभिप्राय घ्यावेत’ असा आला की ती अनौपचारिक संदर्भाने दुसऱ्या विभागात जाते, तिथून चार शंका घेऊन परत येते, आणि त्यातल्या दोन शंकांची उत्तरे आधीच नस्तीत लावलेली असतात. ‘तपासून फेरसादर करावे’ हा तिसरा, सगळ्यांत निरुपद्रवी दिसणारा. तपासलेलीच गोष्ट पुन्हा तपासली जाते. या तिन्हींत ना होकार आहे ना नकार, पण प्रत्येकाची सही मात्र आहे. ई-ऑफिस, म्हणजे संगणकावरच्या नस्त्या, आल्यावर कागद हरवणे थांबले. शेरे तेच राहिले. आता ते फक्त तारीखवेळेसह दिसतात.

यावर कायदा आहे, आणि चांगला आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्यातून २००५ चा अधिनियम आला. त्याला सगळे ‘बदल्यांचा कायदा’ म्हणतात, पण त्याच्या लांबलचक नावाचा दुसरा अर्धा भाग शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करण्याचा आहे. कलम १० सांगते की कोणाही कर्मचाऱ्याकडे नस्ती सर्वसाधारणपणे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. ‘तात्काळ’ नस्ती एका दिवसात किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, ‘तातडी’ची चार दिवसांत. दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसेल तर अंतिम निर्णय ४५ दिवसांत आणि गरज असेल तर तीन महिन्यांत. मुद्दाम विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई. बदलीचे तीन वर्षांचे कलम प्रत्येक अधिकाऱ्याला तोंडपाठ असते, कलम १० कुणी काढत नाही. त्यात एक मूळचीच फट आहे: शिस्तभंगाची कारवाई कर्मचाऱ्यावर होते, मंत्र्याची विभागीय चौकशी होत नसते. नस्ती शेवटच्या टेबलावर अडली की सात दिवसांचा हिशोब तिथेच संपतो.

आता एक मोठे उदाहरण जरा सविस्तर घेऊ, कारण निर्णय ‘अडतो’ म्हणजे नेमके काय अडते ते त्यातून दिसते.

शिवडी ते न्हावा-शेवा सागरी सेतू, आजचा अटल सेतू. लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर. मुंबईतून पलीकडच्या किनाऱ्यावर पूल न्यावा ही कल्पना १९६० च्या दशकातली. प्रत्यक्ष काम २०१८ मध्ये सुरू झाले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी पुलाचे उद्घाटन झाले. मधे कोरोनाची दोन वर्षे येऊनही बांधायला सहा वर्षे पुरली. ठरवायला अर्धे शतक लागले.

यातली २००८ ची निविदा शिकण्यासारखी आहे. खासगी भागीदारीतून पूल बांधायचा, टोलमधून पैसे वसूल करायचे आणि जो कमीत कमी वर्षे टोल मागेल त्याला काम द्यायचे असे ठरले होते. दोन बोली आल्या, दोन्ही अंबानी बंधूंच्या गटांच्या. धाकट्यांच्या गटाने मागितली दहा वर्षांच्या आतली मुदत, थोरल्यांच्या गटाने ७५ वर्षे. एकाच पुलासाठी, एकाच वाहनसंख्येच्या अंदाजावर. वर्तमानपत्रांनी भावाभावांचे भांडण म्हणून ही बातमी रंगवली. खरे तर दोन्ही आकडे एकाच गोष्टीची साक्ष देत होते. या पुलावरून किती गाड्या जातील याची कुणालाच खात्री नव्हती, आणि गाड्या कमी आल्या तर तोटा कुणी सोसायचा याचे उत्तर सरकारने दिलेले नव्हते. ते उत्तर निविदेत असते तर बोलींमध्ये इतके अंतर पडले नसते.

ते उत्तर का नव्हते? कारण पूल कुणाचा हेच ठरत नव्हते. राज्य रस्ते विकास महामंडळ म्हणे आमचा, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण म्हणे आमचा. महामंडळ आघाडीतल्या एका पक्षाकडे, प्राधिकरण मुख्यमंत्र्यांच्या म्हणजे दुसऱ्या पक्षाकडे. ही दोन खात्यांची रस्सीखेच सोडवायला मुख्यमंत्र्यांना एक आदेश पुरला असता, पण त्या आदेशाची किंमत आघाडीत मोजावी लागली असती. शेवटी २०११ मध्ये काम प्राधिकरणाकडे गेले. पुन्हा खासगी भागीदारीचीच निविदा निघाली. पाच कंपन्या पात्र ठरल्या आणि ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांपैकी एकीनेही बोली लावली नाही. कारण तेच: गाड्यांचा अंदाज नवी मुंबईच्या विमानतळावर उभा होता आणि विमानतळ जमिनीवर कुठेच दिसत नव्हता. विमानतळ अडला होता पुनर्वसनावर. जमीन देणाऱ्यांना साडेबावीस टक्के विकसित जमीन परत देण्याचे पॅकेज त्याच वर्षी, निविदा फसल्यानंतर, नोव्हेंबरमध्ये ठरले. एका अनिर्णयावर दुसरा अनिर्णय टेकला होता, आणि दोन्ही प्रकल्पांचे अधिकारी आपापल्या बैठकीत दुसऱ्याची वाट पाहत होते.

गाठ सुटली ती धोका सरकारने स्वतःच्या अंगावर घेतल्यावर. जपानच्या ‘जायका’ संस्थेचे कर्ज घेऊन, कंत्राटदाराला फक्त बांधकामाचे पैसे देऊन. गाड्या कमी आल्या तर बोजा प्राधिकरणाचा. यात काही नवे तंत्रज्ञान नव्हते, २००८ मध्येही हे करता आले असते. २०१२ च्या सुमारास साडेनऊ हजार कोटींच्या आसपास सांगितला जाणारा खर्च पूर्ण होताना १७,८४० कोटींवर गेला. आणि सेतू सुरू झाल्यावरही शिवडीहून वरळीकडे नेणारा साडेचार किलोमीटरचा जोडमार्ग तयार नव्हता. त्यासाठी पाडायचा एल्फिन्स्टनचा जुना पूल वाहतुकीला बंद झाला तो सप्टेंबर २०२५ मध्ये. सेतूवर अपेक्षेपेक्षा गाड्या कमी असे म्हणताना हे लक्षात ठेवावे.

याच महामंडळाने, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाने, दहा वर्षे आधी नेमके उलटे केले होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी खासगी कंपनीची ३,६०० कोटींची बोली आली, ती युती सरकारने नाकारली. ही बोली सर्वांत कमी होती, त्यामुळे ती स्वीकारणे नियमाला धरून झाले असते आणि कुणी बोट दाखवले नसते. त्याऐवजी १९९६ मध्ये महामंडळ स्थापून, रोखे विकून पैसा उभा केला आणि रस्ता सुमारे १,६३० कोटींत झाला. तेव्हाचे सार्वजनिक बांधकाम मंत्री नितीन गडकरी हा किस्सा अजूनही सांगतात. थोडी आत्मप्रौढी वजा केली तरी गाभा शिल्लक राहतो. नकार लेखी होता आणि नकारासोबत पर्यायाचा कागद तयार होता. पुढे २००४ मध्ये १५ वर्षांचे टोलहक्क ९१८ कोटींना दिले गेले आणि टोलवरून जे रामायण झाले ते वेगळे. चांगला निर्णय घेतल्यावर त्याची देखभालही करावी लागते.

अनिर्णयाचा दुसरा प्रकार ओळखायला अवघड, कारण तो वरून भरपूर निर्णयांसारखा दिसतो. पाटबंधारे खाते हे त्याचे माहेरघर. प्रत्येक आमदाराला प्रकल्प हवा, म्हणून प्रत्येकाला प्रशासकीय मान्यता. भूमिपूजन होते, कोनशिला बसते, आणि अर्थसंकल्पातला निधी खिरापतीसारखा वाटला जातो. प्राधान्य ठरवणे म्हणजे काहींना ‘थांबा’ म्हणणे, आणि ते कुणी म्हणत नाही.

हिशोब साधा आहे. समजा दहा प्रकल्प आहेत, प्रत्येकी १०० कोटींचे, आणि वर्षाला मिळून १०० कोटीच उपलब्ध आहेत. प्रत्येकाला दहा-दहा कोटी दिले तर दहाव्या वर्षाच्या अखेरीपर्यंत एकाच्याही कालव्याला पाणी येत नाही. एकेक करून पूर्ण केले तर पहिल्याला वर्षभरात पाणी, दुसऱ्याला दोन वर्षांत, आणि दहाव्याला दहाव्या वर्षी, म्हणजे वाटून दिले असते तेव्हाच. कुणाचेच नुकसान नाही, नऊ जणांचा फायदा. आता यात दरवाढ घाला. उरलेल्या कामाचा दर वर्षाला ८ टक्क्यांनी वाढला आणि निधी १०० कोटीच राहिला, तर दहा वर्षांचे काम अठराव्या वर्षात जाते. महागाई दोन्ही पद्धतींत सारखीच लागते, पण वाटून देण्यात अठरा वर्षे एकही शेत भिजत नाही आणि अर्धवट मातीकाम दर पावसाळ्यात वाहून जाते ते वेगळेच. हे गणित पाटबंधारे खात्यातल्या कोणत्याही उपअभियंत्याला माहीत आहे. अडचण गणिताची नाही. दहाव्या मतदारसंघाच्या आमदाराला दहा वर्षे थांबायला सांगण्याची आहे.

भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवरच्या गोसीखुर्दला १९८३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा किंमत ३७२ कोटी होती. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. सुधारित प्रशासकीय मान्यता, खात्याच्या भाषेत ‘सुप्रमा’, वाढत वाढत १८ हजार कोटींच्या पुढे गेली, म्हणजे जवळपास ५० पट. सुप्रमात वाढीची कारणे नेहमी तीच लिहिलेली असतात: दरसूचीतील बदल, भूसंपादनाचा वाढीव मोबदला, संकल्पनातील बदल, इतर. पहिली तिन्ही खरी. पण ती सगळी वेळेची अपत्ये आहेत, आणि वेळ का गेला याला सुप्रमाच्या नमुन्यात रकानाच नाही. धरण झाले, पाणी साठू लागले, वितरिका आणि पाटचाऱ्या, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणारे छोटे कालवे, मागे राहिल्या. भिंतीचे उद्घाटन करता येते, पाटचारीचे कोण करणार?

तिसरा प्रकार लोंबकळत ठेवण्याचा. राजापूर तालुक्यातल्या नाणारसाठी मे २०१७ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना निघाली. वर्षाला सहा कोटी टन क्षमतेची तेलशुद्धीकरण रिफायनरी, तीन लाख कोटींची गुंतवणूक. मार्च २०१९ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर अधिसूचना रद्द झाली. पण प्रकल्प रद्द झाला नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्याने केंद्राला त्याच तालुक्यातल्या बारसूची जागा सुचवली, एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणासाठी पोलीस बंदोबस्त लागला. रिफायनरी कोकणाला हवी की नको यावर दोन प्रामाणिक मते असू शकतात. हो म्हणणाऱ्या सरकारशी गावकरी लढू शकले असते, नाही म्हणणाऱ्याला उद्योगाने जाब विचारला असता. वर्षानुवर्षे अधांतरी ठेवल्याने मात्र आंबा-काजूची नवी लागवड करावी की नाही हेही बागायतदाराला कळत नाही, आणि जमीन बाहेरचे गुंतवणूकदार घेऊन बसतात. अनिर्णयातही कुणाचा तरी फायदा असतोच. तो ज्यांना बातमी आधी कळते त्यांचा.

फिरवाफिरवीबद्दल एवढेच. मुंबईच्या मेट्रो-३ ची कारशेड आरेमध्ये की कांजूरमार्गला, हा निर्णय २०१९ ते २०२२ या काळात तीनदा बदलला. आरेला स्थगिती, मग मालकीवरून केंद्र-राज्य वाद असलेली कांजूरची जमीन, तिच्यावर डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाची स्थगिती, मग सरकार बदलल्यावर पुन्हा आरे. मार्गाचा खर्च २३,१३६ कोटींवरून ३३,४०५ कोटींवर गेला. सगळी वाढ कारशेडमुळे झाली नाही, हेही सांगायला हवे. आरेतल्या झाडतोडीचा प्रश्न खरा होता. पण पर्यायी जमीन कुणाच्या नावावर आहे हे घोषणेआधी निर्विवाद करून घेणे एवढे सोपे काम दोन्ही बाजूंच्या गर्जनांत राहून गेले.

आणि सरकार जे ठरवत नाही ते शेवटी न्यायालय ठरवते. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतली ८६ हजार हेक्टर झुडपी जंगलाची जमीन कायद्याने वन आहे की नाही, हा घोळ १९८० च्या वन संवर्धन कायद्यापासून चालला. शाळा, घरे, कालवे त्या जमिनीवर अडले. निकाल लागला मे २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणुकांना मुहूर्त मिळाला तोही न्यायालयाच्या मे २०२५ च्या आदेशाने. न्यायालय कायद्याच्या चौकटीत हो किंवा नाही एवढेच सांगते. देवाणघेवाण करून मधला मार्ग काढण्याचे काम मंत्रिमंडळाचे असते, आणि ती संधी निकालासोबत जाते.

अधिकारी सही का टाळतात याचे उत्तर नेहमी ‘वृत्ती’ असे दिले जाते. ते अपुरे आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातले जुने कलम १३(१)(घ) असे होते की लोकसेवकाच्या निर्णयाने कुणाला आर्थिक लाभ झाला आणि त्यात लोकहित नव्हते असे ठरले, तर त्याने स्वतः एक पैसा न घेताही तो गुन्हेगार ठरे. कोळसा खाणवाटप प्रकरणी केंद्राच्या माजी कोळसा सचिवांना शिक्षा झाली तेव्हा दिल्लीपासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांनी धडा घेतला: न केलेल्या सहीसाठी कुणी तुरुंगात जात नाही. २०१८ मध्ये ते पोटकलम गेले आणि निर्णयांबाबत चौकशीआधी पूर्वपरवानगीचे कलम १७अ आले. भीती मात्र कायद्याच्या दुरुस्तीने एका दिवसात जात नाही. केंद्रातल्या आघाडी सरकारने भीतीवर काढलेला उतारा मंत्रिगटांचा, म्हणजे निर्णय मंत्र्यांच्या समित्यांकडे सोपवण्याचा, होता. मे २०१४ मध्ये ते बरखास्त झाले तेव्हा २१ मंत्रिगट आणि ९ अधिकारप्राप्त मंत्रिगट शिल्लक होते. जबाबदारी इतक्या जणांत वाटली की ती कुणाचीच उरत नाही.

मग धडाडीचा नेता आणा, सगळे सुतासारखे सरळ होईल, असे म्हणणाऱ्यांनी एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीजप्रकल्प आठवावा. १९९३ मध्ये स्पर्धात्मक निविदेशिवाय दाभोळचा वीज खरेदी करार झाला. जागतिक बँकेने त्याच वर्षी हा प्रकल्प किफायतशीर नसल्याचे कळवले होते. वीज घ्या वा न घ्या, ठरावीक क्षमतेचे पैसे राज्य वीज मंडळाने मोजायचे, आणि दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारने तडाखेबंद पत्रकार परिषदेत तो रद्द केला, आणि काही महिन्यांत त्याच कंपनीशी एकूण २,१८४ मेगावॅटचा आणखी मोठा करार केला. मे २००१ मध्ये वीजनिर्मिती बंद पडली. तीन निर्णय, तिन्ही धडाक्याचे. एकाही वेळी ‘ही वीज घेतली नाही तर दुसरीकडून काय दराने मिळेल’ हा तक्ता लोकांपुढे आला नाही.

निर्णयक्षमतेचे महाराष्ट्राने घडवलेले सर्वांत चांगले उदाहरण रोजगार हमी योजनेचे आहे, आणि त्यात धडाका जवळपास नव्हता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६९ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात प्रयोग झाला. वसंतराव नाईकांच्या सरकारने १९७२ मध्ये, दुष्काळाच्या काळात, ती राज्यभर नेली. काम मागणाऱ्याला १५ दिवसांत काम द्यायचे. एका परिसरात ५० मजुरांनी मागणी केली की जिल्हाधिकाऱ्याने आधीच मंजूर करून ठेवलेल्या कामांच्या यादीतून काम काढायचे. त्यासाठी मुंबईला नस्ती पाठवायची नाही. खर्चात मजुरी ६० टक्के, साहित्य ४०. आणि पैसा कुठून? १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ती या निर्णयाची आजवर चालू असलेली पावती. मध्यमवर्गावर कर लावून ग्रामीण मजुराला कायदेशीर हक्क देणे हे कुणालाही खूश करायचे काम नव्हते. कायदा १९७७ मध्ये झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याने त्याचाच कित्ता गिरवला. हजेरीपटावर खोटी नावे, मजुरी तीन-तीन महिने थकणे, हे दोष योजनेला जडलेच. पण मजुरी थकली तर जाब कुणाला विचारायचा हे तरी ठरलेले होते.

तेव्हा अपेक्षा ठोस असावी. मंत्रिमंडळापुढे येणाऱ्या टिपणीत आज वित्त, नियोजन, विधी व न्याय या विभागांचे अभिप्राय असतात. त्यात तीन परिच्छेद सक्तीचे करावेत. पहिला: कोणते पर्याय विचारात घेऊन नाकारले आणि का. दुसरा: अंदाज चुकला तर तोटा कोण सोसणार. तिसरा: यासाठी वर्षनिहाय निधी किती आणि त्यापोटी चालू असलेले कोणते काम मागे पडणार, त्याचे नाव. हा तिसरा परिच्छेद लिहायला लावला तर आचारसंहितेच्या आदल्या आठवड्यात डझनावारी निघणारे निर्णय आपोआप कमी होतील, कारण मागे पडणाऱ्या कामाचे नाव निवडणुकीआधी लिहायला कोणी तयार होणार नाही.

दुसरे, नस्तीवरचा ‘चर्चा करावी’ हा शेरा तारखेशिवाय ग्राह्य धरू नये. ई-ऑफिसमध्ये हे करणे अवघड नाही. तारखेचा रकाना भरल्याशिवाय नस्ती पुढे सरकणार नाही आणि ती तारीख उलटली की लाल खूण येईल, मंत्र्यांच्या पातळीवरही. शंका काढणाऱ्या विभागाने सगळ्या शंका एकदाच काढाव्यात. दुसऱ्या फेरीत नवी शंका काढायची तर सचिवाची लेखी मंजुरी लागावी.

तिसरे, स्थगितीला मुदत. नव्या सरकारला जुनी कामे तपासण्याचा हक्क आहेच, पण स्थगितीचा शासन निर्णय ९० दिवसांत कारणासह कायम किंवा रद्द झाला नाही तर तो आपोआप गळून पडावा. कंत्राटदाराच्या रिकाम्या उभ्या असलेल्या यंत्रसामग्रीचे दावे पुढे लवादात जातात आणि पाच-सात वर्षांनी व्याजासह सरकारच्या गळ्यात येतात, तेव्हा स्थगिती देणारे मंत्री दुसऱ्याच खात्यात असतात.

यातले एकही काम करायला नवा कायदा लागत नाही. मंत्रिमंडळाच्या कामकाज नियमावलीतली दुरुस्ती आणि सामान्य प्रशासन विभागाचा एक शासन निर्णय पुरेल. तो विभाग सहसा मुख्यमंत्र्यांकडेच असतो.